दवाखान्याच्या गाडीचं स्टिअरिंग

देवळीचा एक बस-ड्रायव्हर आमच्या दुकानाच्या ओट्यापाशी उभा राहिला. त्यानं गाल फुगवले आणि तोंडानं आवाज काढला, "किर्रर्र... खट्. किर्रर्र... खट्." मग म्हणाला, "याचा पार्ट द्या."

मला दुकानात लागून तेव्हा आठच दिवस झाले होते. मी घाईघाईनं सुट्या भागांचं इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात चित्रं होती, नंबर होते, पण आवाज कुठल्याच पानावर छापलेला नव्हता. मागच्या अंगणात रज्जाकचाचा एका ट्रकखाली झोपले होते. ते तिथूनच ओरडले, "मागच्या चाकाचं बेरिंग दे त्याले!"

तेच निघालं.

आमच्या धंद्याची ओळख करून द्यायला मला यापेक्षा चांगली गोष्ट सुचत नाही. वर्ध्यात स्टेशनच्या मागे मोटारीच्या सुट्या भागांचं आमचं दुकान आहे. शेठजी मालक, रज्जाकचाचा मिस्त्री आणि मी कारकून. सकाळी माझं कॉलेज असतं, अकरानंतर दुकान. शेठजींनी मला ठेवलं ते इंग्रजी येतं म्हणून. खोक्यांवर, पुस्तकांत सगळं इंग्रजीत असतं, आणि माल परत पाठवायला दोन-दोन महिने लागतात. माझे वडील पुलगावच्या गिरणीत मजूर आहेत. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. त्यामुळे छापलेल्या नंबरावर माझा जरा जास्तच विश्वास होता, हे आधीच कबूल करतो. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

मी सांगणार आहे ती गोष्ट गेल्या वर्षीची, दसरा-दिवाळीच्या सुमाराची.

आमच्या जिल्ह्यात एका दवाखान्याची एक गाडी आहे. परदेशातून कुणी तरी देणगी म्हणून पाठवलेली. जीप सगळ्यांना माहीत असते. ही जीपची थोरली बहीण म्हणा. उंच, रुंद, नाक बोथट आणि चारही चाकांना जोर. साध्या मोटारीची मागची दोन चाकं गाडी ढकलतात, पुढची दोन नुसती वळतात. हिची पुढची चाकंही ओढतात. म्हणूनच काळ्या मातीच्या चिखलातून, नाल्यातून ती निघते. पण मग पुढच्या चाकांना ओढायचंही असतं आणि वळायचंही असतं, आणि तो सगळा ताण स्टिअरिंगवर येतो. अशी दुसरी गाडी जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हती. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. ती आली त्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून ड्रायव्हर डावीकडे बसतो. आमच्याकडची पोरं तिला ‘उलटी गाडी’ म्हणायची.

दर सोमवारी ही गाडी डॉक्टरीणबाईंना घेऊन डोंगराकडच्या गावांना जायची. महारोगाच्या गोळ्या वाटायला. शेवटचं गाव नाल्यापलीकडे होतं. तिथं गावाबाहेर एका चिंचेखाली रोगी येऊन बसायचे, कारण त्यांना गावात बसू देत नसत.

एका सोमवारी परत येताना नाल्याच्या उतारावर गाडी बिघडली. ड्रायव्हर किसनाजी आमच्या ओट्यावर बसून सांगत होते, "चाक हातात गरगर फिरून राह्यलं होतं, अन् गाडी आपली सरळच चालली! मी डावीकडं फिरवतो, ते सरळ. उजवीकडं फिरवतो, ते सरळ. बाभूळ आडवी आली म्हून वाचलो. बाई मागून इचारते, ‘किसनाजी, काऊन थांबले?’ मी म्हनलो, मी नाई थांबलो बाई, बाभळीनं थांबवलं."

बैल जुंपून गाडी अंगणात ओढून आणल्यावर रज्जाकचाचांनी स्टिअरिंगचा लोखंडी डबा खोलला. आत एक जाड मळसूत्र असतं. ते हातातल्या चाकाबरोबर फिरतं आणि अर्धगोल दात्यांचा एक तुकडा हलवतं. त्या तुकड्यामुळे पुढची चाकं वळतात. दाते चार जागी तुटले होते. मळसूत्राची धार साबणासारखी झिजली होती.

"वेल्डिंग?" शेठजींनी विचारलं.

"स्टिअरिंगले वेल्डिंग करनारा मिस्त्री जेलमदी जातो, अन् गाडीतला मानूस मसनात," चाचा म्हणाले. "नवाच डब्बा पाहिजे."

शेठजींनी मुंबईला आणि कलकत्त्याला तारा केल्या. उत्तर आलं: परवाना काढून बाहेरून मागवावा लागेल, सहा महिने धरा. डॉक्टरीणबाई दुकानात उभ्या होत्या. त्यांनी कागद वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"जवळच्या गावांना मी बैलगाडीनं जाईन," त्या म्हणाल्या. "चिंचेपर्यंत जाऊन एका दिवसात परत येता येत नाही. एक सोमवार चुकला तर ते वाट बघतात. दोन चुकले तर निम्मे बघतात. तिसरा चुकला की समजतात, यांनीही आपल्याला सोडलं. मग मी मोटारीतून गेले काय किंवा विमानातून गेले काय, झाडाखाली कुणी नसतं."

मी भिडस्त माणूस आहे. वर्गात प्रश्न विचारायचा असला तरी चार वेळा मनात जुळवतो. पण त्या वेळी तोंडातून निघून गेलं, "बाई, तिसऱ्या सोमवारच्या आत गाडी जाईल."

शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानच लिहून दिलं.

मी नागपूरला जाऊन भंगारवाल्यांचे ढीग उपसले. लढाईनंतर लिलावात काढलेल्या गाड्यांचं लोखंड तिथं होतं, पण सगळं जीपचं. पुलगावला लष्कराच्या डेपोच्या फाटकावर गेलो. पहारेकरी म्हणाला, "यहाँ बारूद रहता है भाई, मोटार नहीं." संध्याकाळी घरी वडिलांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बैल हरपला तं मानूस काय करते? येनाऱ्या-जानाऱ्याले त्याचं वर्णन सांगते. तू कागदाले काऊन इचारत बसला?"

हे मला एकदम पटलं. मी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातून तिचं तोंड जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूवर उतरवलं. बोथट नाक, दोन दिवे, मध्ये उभ्या पट्ट्या. अशी बारा चित्रं काढली आणि दुकानात येणाऱ्या ट्रक-ड्रायव्हरांना वाटली. "आमचा बैल हरपलाय. असं तोंड कुठं दिसलं तर सांगा." हसले सगळे. एक म्हणाला, "पोरगी पाहून राह्यला का बे?" पण चित्रं घेऊन गेले, आणि रस्त्यावरच्या धाब्यांतून ती भिंतींना लागली.

दुसरा सोमवारही गेला. मंगळवारी सकाळी कारंज्याकडून संत्र्यांची खोकी घेऊन आलेला एक ड्रायव्हर ट्रकमधूनच ओरडला, "तुमचा बैल सापडला! बापूराव पाटलाच्या बागेत हाय. धाब्यावरच्या पोऱ्यानं वळखला."

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. मिळाली ती बस धरून कारंजा गाठलं आणि बागेपर्यंत जवळजवळ पळतच गेलो. संत्र्यांच्या ओळींमागे, विहिरीजवळ ती होती! तेच नाक, त्याच पट्ट्या. इंजिन काढून विहिरीवर पाण्याला बसवलं होतं. मागच्या हौद्यात कोंबड्या बसल्या होत्या. चाकं नव्हती, दगडांवर उभी होती. पण स्टिअरिंग जागेवर होतं आणि त्याच्यावर दसऱ्याचा झेंडूचा हार होता, सुकलेला.

बापूराव पाटील उंच, मिशाळ, मोठ्या आवाजाचे. लिलावात गाडी घेतली, पण पेट्रोल इतकं प्यायची की वर्षभरात दगडांवर चढवली. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं. "कोनाचा तू? कुठचा?" असं विचारलं. मी सांगितलं. मग गड्यानं मला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. आम्ही धर्म बदलला त्याला वर्ष झालं होतं. गड्याच्या तांब्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. खरं लिहायचं तर त्या वेळी मला वाईट वाटायलाही सवड नव्हती. पाणी पितानाही माझी नजर त्या डब्यावर होती.

"डब्बा ने," बापूराव म्हणाले. "दवाखान्याचं काम हाय, पैसा मले नको. पन हे वरचं चाक ठेवजो. दसऱ्याले मी त्याची पूजा करतो. माह्या बायकोले मी यातच बसवून आनलं होतं."

मी पुस्तक उघडलं. डब्यावर ओतलेला नंबर पुसून वाचला. तोच! बोल्टची भोकं मोजली. तीच! दांड्याची लांबी, जाडी, सगळं तेच. डबा सोडवून पोत्यात घातला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "बोकड हाय का पोत्यात? त्याचं तिकीट पडंल." मी म्हणालो, "बोकड नाही, स्टिअरिंग आहे." सगळी बस वळून बघायला लागली. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. मी पोत्याला दोन्ही हातांनी धरून हसत होतो, मांडी दुखत होती त्याचं काही नाही.

बुधवारी दुपारपर्यंत डबा बसला. सगळे बोल्ट बरोबर आले. चाचा म्हणाले, "इतकं बरोबर बसते तवा मले भेव वाटते." मी हसलो. डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी पाठवून बोलावूनही घेतलं होतं. शेठजींनी नारळ फोडला. किसनाजी डावीकडच्या जागेवर चढले, गाडी सुरू झाली, आणि फाटकाकडे वळायला त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं.

गाडी डावीकडे गेली.

किसनाजी घाबरले आणि चाक आणखी उजवीकडे फिरवलं. गाडी आणखी डावीकडे. "अबे हे मले ऐकत नाई!" ते ओरडले. शेठजी नारळाच्या वाट्या घेऊन पळाले. गाडीनं पाण्याचा हौद गाठला, कठडा पाडला आणि थांबली. अंगणभर पाणी झालं.

मग चाचा वाकून डब्याकडे बघत मला हळूच म्हणाले, "बेटा, त्या बागेतल्या गाडीचं चाक कोन्या बाजूले होतं?"

उजवीकडे होतं. मी डोळ्यांनी बघितलं होतं, हार बघितला होता, त्याच्यामागे उभा राहिलो होतो. पण जन्मापासून पाहिलेल्या सगळ्या मोटारींचं स्टिअरिंग उजवीकडेच होतं. त्यामुळे त्यात वेगळं काही आहे असं मनात आलंच नाही. वेगळी होती ती आमची गाडी. एकाच कारखान्यानं डावीकडून चालणाऱ्या आणि उजवीकडून चालणाऱ्या, दोन्ही देशांसाठी गाड्या केल्या होत्या. डबा बाहेरून सारखा, नंबर सारखा, पण आतलं मळसूत्र उलट्या आट्यांचं. हातानं एकदा फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी नंबर बघितला.

डॉक्टरीणबाईंच्या चपला ओल्या झाल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "सोमवारला अजून चार दिवस आहेत," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दुकानात जाऊन पुस्तकापुढे बसलो, पण अक्षरं दिसेनात. थोड्या वेळानं चाचांनी हाक मारली. ते गाडीच्या उजव्या बाजूला खाली आडवे होते. चिखल आणि ग्रीस बोटानं उकरून त्यांनी लोखंडाच्या पट्टीवर चार भोकं मोकळी केली होती.

"पाह्य. इकडं काही बसवेल नाई. मंग भोकं काऊन पाडली?"

मी त्या भोकांकडे बघितलं, पळत जाऊन पुस्तक आणलं. शेवटी आठ पानं अशी होती की ती मी कधी उघडलीच नव्हती, कारण वर ‘उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी’ असं होतं. चार भोकं त्या चित्रात होती. पायडलची जागा होती. डब्यापासून उजव्या चाकापर्यंतचा वेगळा जोडदांडा होता.

"चाचा," मी ओरडलो, "डबा चुकीचा नाही! बाजू चुकीची आहे! सगळं स्टिअरिंगच उजवीकडे न्यायचं!"

"पायडलपासून जोडदांड्यापर्यंत सगळं लागंल," चाचा म्हणाले, पण त्यांच्या मिशा हसत होत्या. "तुह्या पाटलाच्या गाडीत हाय काय?"

"सगळं आहे. कोंबड्यांच्या खाली आहे."

गुरुवारी सकाळी त्याच संत्र्याच्या ट्रकमधून चाचा आणि मी कारंज्याला गेलो. बापूरावांना सगळं खरं सांगितलं, हौद फुटल्याचंही. ते इतके हसले की कोंबड्या उडाल्या. "म्हंजे तुमची गाडी उलटी, अन् माही सरळ!" मग धोतर खोचून स्वतःच गाडीखाली शिरले. गंजलेला बोल्ट निघेना, तेव्हा एकाच पान्याला त्यांनी हात घातला आणि मीही. "लाव जोर बे, शिकेल मानसा!" आमची बोटं एकमेकांवर घसरत होती, तिघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. त्या दिवशी गड्यानं पाणी आणलं ते सगळ्यांनी एकाच तांब्यानं प्यायलं. कुणाच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं.

निघताना बापूरावांनी हाराचं चाक तेवढं उचललं आणि घरात नेलं.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही अंगणातच होतो. चाचा बसवत होते, मी पान उघडून चित्र वाचत होतो. पण आता प्रत्येक तुकडा बसवण्याआधी ते मला तो हातात देत, "फिरव" म्हणत, आणि मी फिरवून सांगत असे तो कुठं जातो ते. रविवारी दुपारी किसनाजी उजवीकडे चढले. शेठजींनी या वेळी नारळ आणला नाही. आधी स्वतः ओट्यावर चढून उभे राहिले.

चाक उजवीकडे. गाडी उजवीकडे! डावीकडे. डावीकडे! स्टेशनच्या मागच्या मैदानात किसनाजींनी आठाचा आकडा काढला. हमाल टाळ्या वाजवायला लागले. मी गाडीमागून ओरडत पळत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. एकच अडचण होती. गियर बदलायला किसनाजींचा उजवा हात सवयीनं दरवाजावर आपटत होता.

तिसऱ्या सोमवारी डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुम्हीही चला. वाटेत काही बिघडलं तर?" किसनाजींची डावीकडची जुनी जागा रिकामी होती, तिथं मी बसलो. नाला आला. पाणी होतं. पुढची चाकं चिखलात रुतली, वळली आणि गाडी वर निघाली. पलीकडे किसनाजींच्या पायांशी डब्यातले दाते फिरत होते आणि मला इकडे एकेक जाणवत होता.

चिंचेखाली माणसं होती. सगळी नव्हती. बाईंनी वहीतून नावं घेतली तेव्हा बऱ्याच नावांना कुणी ओ दिली नाही. त्या प्रत्येक नावानंतर जरा थांबत आणि मग पुढचं घेत. अजूनही ती शांतता मला दुकानात मध्येच ऐकू येते. माझा एखादा दिवस वाचला असता, चित्रं आधी सुचली असती, तर त्यातलं कुणी बसलेलं असतं का, कोण जाणे.

मी गाडीतच होतो. तेवढ्यात एक म्हातारी आजी काठी टेकत थेट माझ्या खिडकीशी आली. तिला फारसं दिसत नव्हतं. ती सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला आली होती.

"किसना," ती म्हणाली, "दोन सोमवार कुठं गेलता रे? मी येऊन बसत होती. दोन सीताफळं सडून गेले तुह्या पायी. घे, आजचं घे."

पदराच्या टोकात एक पिकलेलं सीताफळ होतं. ते तिनं वर धरलं, माझ्या हाताच्या बरंच वर. मला चटकन कळलं, ती वरून टाकणार होती, आपली बोटं मला लागू नयेत म्हणून. आणि माझीही ओंजळ आपोआप खाली जाऊन पसरली होती, बागेत पाण्यासाठी पसरली होती तशीच. लहानपणापासून लागलेली सवय.

मी ओंजळ मोडली. हात वर नेला आणि सीताफळ तिच्या हातातूनच घेतलं. तिची बोटं आखूड होती आणि गार होती. ती जरा दचकली.

पलीकडून किसनाजी उतरून आले होते. "मावशे, मी इकडं हाओ! आता मी तिकडून उतरतो."

"मंग हा कोन?"

"ज्यानं गाडीची बाजू बदलली, तो."

आजीनं मान वर करून माझा चेहरा न्याहाळला. तिचा हात अजून माझ्या हातातच होता.

"मंग त्यालेच राहू दे," ती म्हणाली. "तुले पुढच्या सोमवारी आनतो."